विश्लेषण : लहान आतड्याचा कर्करोग उशिरा का सापडतो? शस्त्रक्रियेत निर्णायक काय ठरते?

मोठे आतडे जेमतेम दीड मीटर लांब, तर लहान आतडे सुमारे सहा मीटर. तरीही पचनमार्गाच्या एकूण कर्करोगांपैकी पाच टक्क्यांहून कमी कर्करोग लहान आतड्यात होतात. हा आजार होण्याची शक्यता कमी, ही दिलासा देणारी बाब. मात्र तो झालाच, तर रुग्णाच्या, नातेवाईकांच्या आणि अनेकदा डॉक्टरांच्याही मनात त्याचा विचार लवकर येत नाही. यातील बहुतेक प्रकारांत शस्त्रक्रिया हाच बरे होण्याचा मुख्य मार्ग आहे. पण गाठ कोणत्या प्रकारची आणि आतड्याच्या कोणत्या भागात आहे, यानुसार ती शस्त्रक्रिया पूर्णपणे बदलते. त्यामुळे पोट उघडण्यापूर्वीचे निदान येथे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे ठरते.

दुर्मीळ म्हणजे नेमका किती?

दर वर्षी एक लाख लोकसंख्येमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळत असतील, तर तो कर्करोग दुर्मीळ मानावा, अशी व्याख्या युरोपात वापरली जाते. लहान आतड्याचा कर्करोग या रेषेच्या बराच खाली आहे. अमेरिकेत हे प्रमाण लाखामागे दोन ते तीन इतके आहे. आशियाई देशांत त्याहूनही कमी. अमेरिकेत दर वर्षी साधारण १२ ते १४ हजार नवे रुग्ण आढळतात. याउलट तेथे मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचे दीड लाखाच्या आसपास रुग्ण सापडतात. भारतात २०२२ मध्ये सर्व प्रकारच्या कर्करोगांचे मिळून सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यात लहान आतड्याचा वाटा अगदी किरकोळ. म्हणूनच जिल्हा पातळीवरील एखाद्या सर्जनला पूर्ण कारकीर्दीत असे मोजकेच रुग्ण पाहायला मिळतात.

एवढ्या लांब अवयवात कर्करोग कमी का?

याचे एकच सिद्ध कारण नाही, पण अनेक कारणे एकत्र काम करत असावीत असे मानले जाते. लहान आतड्यातील अन्न पातळ असते आणि ते काही तासांतच पुढे सरकते. त्यामुळे घातक द्रव्यांचा आतड्याच्या अस्तराशी फार वेळ संबंध येत नाही. मोठ्या आतड्यात तेच अन्न घट्ट होऊन दीर्घ काळ रेंगाळते. लहान आतड्यात जिवाणूंची संख्याही मोठ्या आतड्याच्या तुलनेत फार कमी असते. आतड्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते, म्हणजे बिघडलेल्या पेशी वाढण्यापूर्वीच झडून जाण्याची शक्यता असते. शिवाय आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींचे दाट जाळे असते.

काही जणांत मात्र धोका वाढलेला असतो. क्रोन्स आजार, गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिॲक आजार, तसेच आनुवंशिक लिंच सिंड्रोम, प्यूट्झ-जेघर्स सिंड्रोम आणि मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होणारा कौटुंबिक आजार, ही त्यातील प्रमुख कारणे. या शेवटच्या आजारात मोठे आतडे काढून टाकल्यानंतरही लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर आयुष्यभर नजर ठेवावी लागते.

हा एक आजार आहे की अनेक?

‘लहान आतड्याचा कर्करोग’ या एका नावाखाली किमान चार वेगळे आजार येतात. पहिला ॲडिनोकार्सिनोमा. तो अस्तराच्या पेशींतून उगवतो आणि जठरानंतरच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये जास्त आढळतो. दुसरा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. तो संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींतून होतो आणि बहुधा आतड्याच्या शेवटच्या भागात, इलियममध्ये सापडतो. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हा शब्द भारतात घरोघरी पोहोचला. या गाठी शरीरात अनेक ठिकाणी होऊ शकतात; लहान आतडे हे त्यांपैकी एक प्रमुख ठिकाण. तिसरा ‘जिस्ट’, म्हणजे आतड्याच्या भिंतीतील, आतड्याची हालचाल नियंत्रित करणाऱ्या पेशींशी संबंधित गाठ. चौथा लिम्फोमा, जो मुळात लसिका पेशींचा कर्करोग आहे.

चौघांचा स्वभाव वेगळा, पसरण्याची वाट वेगळी आणि उपचारही वेगळे. न्यूरोएंडोक्राइन गाठी अनेकदा वर्षानुवर्षे संथ वाढतात. म्युनिकमधील विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये त्यांना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारख्या, असे नाव दिले ते याच संथपणामुळे. पुढे याही गाठी यकृतापर्यंत पसरतात हे स्पष्ट झाले. ॲडिनोकार्सिनोमा मात्र तुलनेने आक्रमक असतो.

निदानाला उशीर का होतो?

सुरुवातीची लक्षणे अगदी सामान्य असतात : जेवल्यानंतर पोटात कळ, मळमळ, पोट फुगणे, वजन घटणे, थकवा. आतड्यात थोडे थोडे रक्त झिरपत असेल, तर हिमोग्लोबिन कमी होते. लोहाच्या गोळ्या घेऊन ते तात्पुरते वाढते आणि पुन्हा उतरते. ॲसिडिटी, गॅस किंवा अशक्तपणा समजून महिने निघून जातात.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. तोंडावाटे केलेली नेहमीची एंडोस्कोपी ड्युओडेनमपर्यंत पोहोचते. गुदद्वारावाटे केलेली कोलोनोस्कोपी फार तर इलियमच्या टोकापर्यंत जाते. मधला कित्येक फुटांचा भाग दोन्ही तपासण्यांत दिसतच नाही. ‘दोन्ही स्कोपी नॉर्मल’ असा अहवाल हाती आला, की रुग्ण निर्धास्त होतो आणि खरा आजार मधल्या भागात वाढत राहतो.

हे चित्र गेल्या पंचवीस वर्षांत बदलले. औषधाच्या मोठ्या गोळीएवढा कॅमेरा गिळून आतड्याची छायाचित्रे घेणारी कॅप्सूल एंडोस्कोपी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. त्याच सुमारास जपानमधील हिरोनोरी यामामोटो यांनी दोन फुग्यांच्या साहाय्याने आतड्यात खोलवर जाणारी एंडोस्कोपी विकसित केली. तिच्यामुळे मधल्या भागातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढता येऊ लागला. आतड्यासाठी खास द्रव पाजून केलेला सीटी स्कॅन, म्हणजे सीटी एंटरोग्राफी, ही आता मोठ्या शहरांत सहज उपलब्ध तपासणी आहे. आतडे अरुंद झाल्याची शंका असेल तर कॅप्सूल आत अडकू शकते. म्हणून अशा रुग्णात आधी स्कॅन केला जातो.

भारतात क्षयरोगाशी गल्लत कशी होते?

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. आतड्याचा क्षयरोग बहुधा इलियमच्या टोकाशी आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला होतो. पोटदुखी, वजन घटणे, आतडे अरुंद होणे, आजूबाजूच्या लसिका ग्रंथी सुजणे ही लक्षणे क्षयरोगातही दिसतात आणि कर्करोगातही. स्कॅनवर दोन्ही आजार सारखे भासू शकतात. क्षयरोग कितीतरी अधिक प्रमाणात आढळत असल्याने डॉक्टरांनी आधी त्याचा विचार करणे चूक नाही. चूक होते ती तुकडा न तपासता उपचार सुरू करून फरक पडतो की नाही हे न पाहता ते चालू ठेवण्यात.

आतड्याच्या क्षयरोगात योग्य औषधांनी पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुधारणा दिसायला हवी. ती दिसत नसेल, वजन घटतच असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर पुन्हा तपासणी करून निदानाचा फेरविचार करणे आवश्यक असते. कर्करोगात हे गमावलेले महिने भरून काढता येत नाहीत.

कोणती शस्त्रक्रिया, हे कशावर ठरते?

ॲडिनोकार्सिनोमामध्ये गाठीची जागा सर्वांत महत्त्वाची. ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका उघडतात. येथील गाठ काढायची तर ड्युओडेनमबरोबर स्वादुपिंडाचे डोके, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भागही काढावा लागतो. त्यानंतर स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्याला जोडले जातात. ही व्हिपल शस्त्रक्रिया. अमेरिकी सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये तिची मांडणी केली. पोटाच्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांत तिची गणना होते. सुरुवातीच्या काळात अनेक रुग्ण यात दगावत. आज ज्या केंद्रांत ती नियमित होते, तेथे शस्त्रक्रियेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले आहे. क्वचितच करणाऱ्या रुग्णालयांत ते जास्त राहते, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे.

मधल्या भागातील, म्हणजे जेजुनम किंवा इलियममधील गाठ काढणे तुलनेने सरळ असते. गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचे निरोगी आतडे आणि त्या भागाला रक्त पुरवणारा मेसेंटरी हा पडदा एकत्र काढतात व आतड्याची टोके जोडतात. गाठ इलियमच्या अगदी शेवटी असेल, तर मोठ्या आतड्याचा उजवा भागही काढावा लागतो.

येथे सर्वांत दुर्लक्षित होणारी बाब म्हणजे लसिका ग्रंथी. गाठ बाहेर पडलेली पुढची पायरी बहुधा याच ग्रंथींत असते. पुरेशा ग्रंथी, साधारण किमान आठ, तपासल्याशिवाय आजार कोणत्या टप्प्यात आहे हे खात्रीने सांगता येत नाही आणि पुढे केमोथेरपी हवी की नको हेही ठरवता येत नाही. केवळ अडथळा दूर करण्यासाठी आतड्याचा छोटा तुकडा कापून काढला, तर रुग्ण त्या दिवशी वाचतो, पण कर्करोगाची शस्त्रक्रिया अपुरी राहते.

शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीबाबतही दुर्मीळपणा आडवा येतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हजारो रुग्णांवरील चाचण्या उपलब्ध आहेत. लहान आतड्यासाठी एका देशात पुरेसे रुग्ण मिळत नाहीत. म्हणून ‘बॅलड’ नावाची चाचणी अनेक देशांनी मिळून उभारली. आजवर डॉक्टरांना बराचसा आधार मोठ्या आतड्याच्या अनुभवाचाच घ्यावा लागला आहे.

न्यूरोएंडोक्राइन गाठींची शस्त्रक्रिया वेगळी कशी?

या गाठी लहान आतड्यात अनेकदा एकापेक्षा जास्त असतात. स्कॅनवर एकच दिसते आणि शस्त्रक्रियेत वाटाण्याएवढ्या आणखी काही सापडतात. त्यामुळे सर्जनने संपूर्ण आतडे बोटांनी चाचपून पाहणे गरजेचे मानले जाते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली तरी एका छोट्या छेदातून आतडे बाहेर काढून हाताने तपासले जाते. मूळ गाठ लहान असूनही मेसेंटरीमधील ग्रंथी मोठ्या होऊन आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. अशा वेळी मुख्य रक्तवाहिनी सांभाळत ग्रंथी काढण्याचे काम अनुभवी हातांचे असते.

यातील काही गाठी सेरोटोनिनसारखी द्रव्ये रक्तात सोडतात. चेहरा लाल होणे, जुलाब, धाप लागणे असा त्रास त्यामुळे होतो. भूल दिल्यावर किंवा गाठीला हात लागल्यावर ही द्रव्ये एकदम सुटली, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञाला निदान आधीच ठाऊक असणे आणि ऑक्ट्रिओटाइड हे औषध हाताशी असणे आवश्यक असते.

या प्रकारात आजार यकृतापर्यंत पसरला म्हणून शस्त्रक्रियेचा मार्ग लगेच बंद होत नाही. आतड्याला अडथळा करणारी मूळ गाठ आणि काही वेळा यकृतातील गाठीही काढल्या जातात. शिवाय गाठीच्या पेशींवर जाऊन चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडून दिले जाणारे उपचार आहेत. आतड्याच्या अशाच गाठींवरील ‘नेटर-१’ चाचणीत त्यांचा फायदा २०१७ मध्ये दिसून आला. यासाठी लागणारे ल्युटेशियम-१७७ मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होते, ही भारतीय रुग्णांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

‘जिस्ट’मध्ये गोळी आणि शस्त्रक्रिया यांचा मेळ कसा बसतो?

जिस्ट सहसा लसिका ग्रंथींत पसरत नाही. त्यामुळे येथे ग्रंथी काढण्याची गरज बहुधा नसते. गाठ अखंड बाहेर काढणे महत्त्वाचे. ती नाजूक असते आणि हाताळताना फुटली, तर पेशी पोटात पसरून आजार परतण्याचा धोका बराच वाढतो.

२००० पर्यंत शस्त्रक्रियेखेरीज जिस्टवर प्रभावी उपचार नव्हता. इमॅटिनिब या रक्ताच्या कर्करोगासाठीच्या गोळीने हे चित्र बदलले. शस्त्रक्रियेनंतर धोका जास्त असलेल्या रुग्णांनी ही गोळी एक वर्षाऐवजी तीन वर्षे घेतल्यास अधिक काळ जगण्याची शक्यता वाढते, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्पष्ट झाले. ड्युओडेनमजवळची मोठी गाठ आधी गोळीने लहान करून व्हिपलसारखी मोठी शस्त्रक्रिया टाळणेही काही रुग्णांत शक्य होते.

ही गोळी भारतीयांना परवडते त्यामागे एक न्यायालयीन लढाई आहे. इमॅटिनिबच्या ‘ग्लिव्हेक’ या ब्रँडसाठी नोव्हार्टिस कंपनीने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. त्या वेळी मूळ ब्रँडचा महिन्याचा खर्च एक लाख रुपयांहून अधिक, तर भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा साधारण दहा हजारांच्या आसपास होता. तीन वर्षांच्या उपचारांचा हिशेब केला, तर हा फरक एखाद्या कुटुंबाचे घर किंवा शेत वाचवणारा ठरतो.

लिम्फोमात शस्त्रक्रिया करावी लागते का?

बहुतेक वेळा नाही. लिम्फोमाचा मुख्य उपचार केमोथेरपी व त्यासोबतची औषधे हा आहे. आतडे फुटले, पूर्ण अडथळा झाला, रक्तस्राव थांबेना किंवा अन्य मार्गाने तुकडा मिळालाच नाही, तर शस्त्रक्रिया होते. म्हणूनच आधी तुकडा तपासण्याचा आग्रह महत्त्वाचा. गोळ्या-इंजेक्शनांनी आटोक्यात येणाऱ्या आजारासाठी मोठी शस्त्रक्रिया झाली, तर ती भरून निघेपर्यंत खरा उपचार लांबतो.

किती आतडे काढले तरी चालते?

शरीर बरेच सोसते. लहान आतड्याचा अर्धा भाग काढल्यावरही अनेक जण नेहमीचे आयुष्य जगतात. मात्र दोन मीटरहून कमी आतडे उरले, तर अन्न व पाणी शोषण्याची क्षमता अपुरी पडू लागते. जुलाब, वजन घटणे, क्षारांची कमतरता असा त्रास होतो आणि काहींना शिरेवाटे पोषण द्यावे लागते. इलियमचा शेवटचा भाग काढल्यास ब १२ जीवनसत्त्व शोषले जात नाही. त्याची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागू शकतात. त्यामुळे किती आतडे काढले यापेक्षा किती उरले, हा आकडा शस्त्रक्रियेच्या नोंदीत असायला हवा.

रात्रीची तातडीची शस्त्रक्रिया आणि नियोजित शस्त्रक्रिया यांत काय फरक?

बरेच रुग्ण आतड्याला पीळ किंवा अडथळा झाला म्हणून रात्री-अपरात्री जवळच्या रुग्णालयात पोहोचतात. तेथे जीव वाचवणे हे पहिले कर्तव्य, आणि बहुतेक सर्जन ते पार पाडतात. पण गाठीचा प्रकार माहीत नसताना, ग्रंथी किती काढायच्या, दुसरी गाठ शोधायची का, भूल देताना कोणता धोका आहे, या प्रश्नांची उत्तरे नसतात. रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल तर नाकातून नळी टाकून पोट रिकामे करणे, सलाइन देणे, स्कॅन करणे आणि मोठ्या केंद्रातील तज्ज्ञाशी फोनवर बोलणे एवढ्यानेही पुढचे चित्र बदलू शकते. आतडे फुटले असेल किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर मात्र थांबायला वेळ नसतो.

शस्त्रक्रिया झाल्यावर काढलेला भाग विकृतिशास्त्र तपासणीसाठी गेलाच पाहिजे. क्षयरोगाचा अडथळा समजून केलेल्या शस्त्रक्रियेतही त्या अहवालातून कर्करोग समोर येऊ शकतो. अहवाल संदिग्ध असेल, तर त्याच तुकड्याचे मेणातील ठोकळे व काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवता येतात. मुंबईत १९४१ पासून कार्यरत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील कर्करोग केंद्रे जोडली गेली आहेत. दुर्मीळ आजारांत अशा जाळ्याचा उपयोग सर्वाधिक, कारण एका रुग्णालयाला न मिळणारा अनुभव सर्वांना मिळून मिळतो.

खर्चाच्या बाबतीत आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादाही दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी केलेली बरी.

रुग्णाने आणि नातेवाईकांनी काय विचारावे?

हिमोग्लोबिन वारंवार उतरते आहे आणि दोन्ही स्कोपी नॉर्मल आहेत, तर मधल्या आतड्याची तपासणी कधी करायची, हा पहिला प्रश्न. गाठ सापडली असेल तर तिचा प्रकार तुकड्यावरून निश्चित झाला आहे का, तुकडा घेणे शक्य नसेल तर स्कॅनवरून सर्वांत दाट शंका कोणत्या प्रकाराची आहे, हा दुसरा. व्हिपल सुचवली असेल तर या रुग्णालयात वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, हे विचारण्यात संकोच नको. शस्त्रक्रियेनंतर किती ग्रंथी तपासल्या, कडा निरोगी आहेत का आणि किती आतडे उरले, ही तीन उत्तरे लेखी मागावीत. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, विकृतिशास्त्राचा अहवाल आणि काचपट्ट्या जपून ठेवाव्यात. न्यूरोएंडोक्राइन गाठी आणि जिस्ट अनेक वर्षांनीही परतू शकतात; त्या वेळी पुढच्या डॉक्टरला या कागदांवरूनच दिशा ठरवावी लागते.